निखाऱ्याची हवा

(रामाकोना येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी शिकलो. विज्ञानाच्या तासाला ते टेबलावर मेणबत्ती पेटवायचे आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचे. ज्योत बारीक व्हायची, थरथरायची, विझायची. "का विझली?" गुरुजी विचारायचे. आम्ही एका सुरात ओरडायचो, "हवा संपली!" ते म्हणायचे, "हवा आहे अजून. जळायला पुरेल एवढा प्राणवायू उरला नाही." पुढे मी स्वतः विज्ञानाचा शिक्षक झालो आणि हाच प्रयोग तीस वर्षं मुलांना करून दाखवला. आज त्या प्रयोगाचा राहून गेलेला अर्धा भाग तुमच्यापुढे मांडायला मी उभा आहे. कारण त्या पेल्यानं आमच्या मनात एक समजूत घट्ट बसवली: जिथे दिवा जळतो तिथे माणूस जगतो. ही समजूत अपुरी आहे. दिवा जळत राहतो आणि माणूस मरतो, अशीही एक हवा असते.

शास्त्रात तिला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. पण हे नाव पुस्तकात भेटायच्या आधी मला तिचं दुसरं नाव एका सुईणीनं सांगितलं होतं.

माझ्या मोठ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. पौषाचे दिवस. सातपुड्याकडून येणारा वारा अंगाला झोंबायचा. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, अंधारी खोली. दाराला गोधडीचा पडदा, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या आणि बाजेखाली सिगडी. बाळंतिणीला शेक हवा, बाळाला ऊब हवी, वारा म्हणून लागायला नको, एवढाच सगळ्यांचा ध्यास. दुपारी ताईचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी उलटी झाली. बाळ दूध ओढेना, निपचित पडून राहिलं. आई म्हणाली, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या आणि त्याच सिगडीत टाकल्या. तेवढ्यात सुईण आजी शेक द्यायला आली. तिनं गोधडी बाजूला केली, एक पाऊल आत टाकलं आणि तिथूनच ओरडली, "दार उघडा आधी! निखाऱ्याची हवा चढली पोरीले." सिगडी अंगणात गेली, माय-लेकरू ओसरीवर आलं. रात्रीपर्यंत ताई उठून बसली, बाळ रडलं, आणि त्या रडण्यानं घराला हायसं वाटलं.

ती आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण तिच्या दोन वाक्यांत उपाय होता, कारण होतं आणि रोगाचं नावही होतं. आज आपल्या घरात गॅस आला, गीझर आला, स्लॅब आला; ते नाव मात्र हरवलं. ते नाव परत घरात यावं आणि त्याच्यासोबत एक छोटं पहारेकरी यंत्र यावं, एवढं सांगण्यासाठी मी आज तुमचा तासभर घेणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते: बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा गुदमरून मृत्यू. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धडपड उभी राहते: श्वास कोंडला, माणूस तडफडला, दाराकडे धावला. म्हणून आपण मनात म्हणतो, आपल्याला गुदमरायला लागलं की जाग येईलच की, उठू आणि दार उघडू. इथेच घात होतो. श्वास कोंडल्याची जी कासाविशी होते, ती मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत माणूस श्वास घेत असतो, सोडत असतो, तो वायू बाहेर पडत असतो. रक्तात विरघळलेल्या प्राणवायूचा दाबही कमी झालेला नसतो, म्हणून शरीराची धोक्याची घंटा वाजत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, घशाला खवखवत नाही. माणूस गुदमरत नाही, तो सुस्तावतो. झोपेतला माणूस आणखी गाढ झोपतो.

आपल्या मध्य प्रदेशात 'गॅसकांड' म्हटलं की भोपाळ आठवतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या त्या रात्री मिथाइल आयसोसायनेट पसरला, तेव्हा लोक डोळ्यांची आग आणि खोकल्यानं जागे झाले आणि रस्त्यावर पळत सुटले. त्या विषानं निदान आपली ओळख दिली होती. घरातल्या निखाऱ्याची हवा तेवढीही दया दाखवत नाही.

ती शरीरात करते काय? आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणाऱ्या बंड्यांसारखं आहे. फुप्फुसाच्या बाजारात बंडी भरायची आणि मेंदू, हृदय, स्नायू यांच्या दारात रिकामी करायची, हा तिचा रोजचा फेरा. कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला धरतो. थोडा जरी हवेत असला तरी बंडीतली जागा तो बळकावतो. शिवाय उरलेल्या जागेत जो प्राणवायू असतो, तोही दारात पोचल्यावर सहज उतरत नाही. बाजारात माल भरपूर, रस्त्यावर बंड्या चालू, आणि घरात मात्र उपास. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास ही गोष्ट उलगडली. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन या वायूला आईपेक्षाही घट्ट धरतं; म्हणून गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना धोका सगळ्यात जास्त. आणि आपण सिगडी नेमकी त्यांच्याच बाजेखाली ठेवत आलो.

लक्षणं फसवी असतात: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, गळून जाणं, विसर पडल्यासारखं होणं. घरातला माणूस म्हणतो, पित्त झालं, सर्दी भरली, बाधलं काहीतरी. १९२१ मध्ये विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्यांनी एका कुटुंबाची हकिगत छापली. नव्या घरात राहायला गेल्यावर त्या मंडळींची डोकी दुखायला लागली, पावलांचे आवाज ऐकू यायला लागले, रात्री माणसं दिसायला लागली. घर झपाटलेलं आहे अशी त्यांची खात्री झाली. शेवटी कळलं की घर तापवणाऱ्या भट्टीत बिघाड होता आणि तिची हवा खोल्यांत शिरत होती. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं गेली. ही हकिगत वाचली तेव्हा मला ताईची खोली आठवली आणि त्या मीठ-मोहऱ्या आठवल्या. म्हणून ओळखायच्या तीन खुणा सांगतो, त्या घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा. एकाच वेळी घरातल्या अनेकांना सारखा त्रास. घराबाहेर गेलं की बरं वाटणं, आत आलं की पुन्हा तेच. आणि त्रास सुरू झाला तेव्हा जवळपास काहीतरी जळत असणं. ताप नाही आणि या तीन गोष्टी आहेत, तर नजर काढत बसू नका. दार उघडा.

आता निखाऱ्याकडे येऊ. सिगडी घरात घ्यायची आपली एक रीत आहे. अंगणात पेटवायची, धूर निघून जाऊ द्यायचा, निखारे लालबुंद फुलले की मग आत आणायची. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा आपला हिशेब. खरी गोष्ट उलट आहे. कोळसा तळाशी जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लाल निखाऱ्यांमधून वर येताना निखाऱ्यातला कार्बन त्याला मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. फुललेल्या सिगडीवर निळसर ज्वाळा नाचताना तुम्ही पाहिल्या असतील, तो हाच वायू जळत असतो. ज्वाळा विझल्या, वर राखेचा पातळ थर धरला, की तो न जळताच खोलीत पसरतो. लाकडाचा धूर निदान डोळ्यांतून पाणी काढून आपल्याला बाहेर ढकलतो. बिनधुराचा निखारा मायेनं ऊब देतो आणि झोपवतो.

ही हवा कोळशाच्या प्रदेशाला नवी नाही. इथून घाट चढून वर गेलं की परासियाकडे पेंच-कन्हानचं कोळसा क्षेत्र लागतं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी तिथल्या खाणीत कामाला गेलेलं आहे. खाणीत स्फोट होतो तेव्हा माणसं आगीनं मरतात असं पूर्वी मानलं जायचं. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं गेली. जॉन स्कॉट हाल्डेन हे शरीरशास्त्रज्ञ तिथे पोचले, त्यांनी मृतदेह तपासले आणि दाखवून दिलं की बहुतेकांचा जीव स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं घेतला होता. त्याआधी हाल्डेन यांनी स्वतः हा वायू हुंगून, स्वतःचं रक्त तपासून, कोणत्या प्रमाणाला काय होतं याची नोंद केली होती. त्यांनीच सुचवलं की बचावाला जाणाऱ्यांनी सोबत छोटे प्राणी न्यावेत. त्यातून पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी खाणीत उतरले. इवल्या देहाचा, भरभर श्वास घेणारा तो पक्षी माणसाच्या आधी झोकांड्या खायचा, आणि माणसं मागं फिरायची. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी निवृत्त व्हायला १९८६ साल उजाडलं. त्यांची जागा विजेवरच्या यंत्रांनी घेतली. याच हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी देह ठेवला. वडिलांनी खाणकामगारांसाठी जे ज्ञान कमावलं, ते आपल्या घरातल्या बायका-मुलांपर्यंत मात्र अजून पोचलेलं नाही.

तुम्ही विचाराल, आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर सिगडी शेकली, त्या कशा वाचल्या? वाचवलं कवेलूंनी. कवेलूचं छप्पर म्हणजे शेकडो फटींचं छप्पर. गरम हवा वर जायची, कवेलूंमधून निसटायची. दाराच्या फळ्यांमधून नवी हवा यायची. घर श्वास घेत होतं. तरीही फटी बुजवल्या की काय होतं, ते ताईच्या खोलीनं दाखवलंच. आज आपण स्लॅब टाकला, सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या, दाराखाली डास येऊ नयेत म्हणून रबराची पट्टी लावली. यात काही चूक नाही. पक्कं घर हे गरिबाचं स्वप्न आहे आणि ते पुरं झालंच पाहिजे. पण घर बदललं आणि सिगडीची सवय तीच राहिली. कवेलूखाली जी सवय खपून जायची, ती स्लॅबखाली जीव घेते.

आणि सिगडी गेली तिथे गीझर आला. शहरांत तर गेली काही वर्षं सिगडीपेक्षा गॅस गीझरचीच भीती मोठी आहे. मार्च २०२३ च्या होळीत मुंबईच्या एका उपनगरात रंग धुवायला न्हाणीघरात गेलेलं दांपत्य मृत सापडलं आणि संशयाची सुई गॅस गीझरवर गेली. होळीचा रंग सुटायला वेळ लागतो, पाणी जास्त लागतं, गीझर जास्त वेळ चालतो. थोडा हिशेब करू. चार फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच न्हाणीघर. त्यात हवा साधारण साडेपाच घनमीटर. दहा किलोवॉट क्षमतेचा छोटा गीझर तासाला साधारण पाऊण किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत त्या न्हाणीघरातली जवळजवळ एक तृतीयांश हवा गीझर वापरतो. दार बंद, खिडकी बंद, धुराड्याची नळी नाही. प्राणवायू कमी पडला की जळणं अर्धवट होतं, आणि अर्धवट जळण्यातून हाच वायू निघतो. आत माणूस उघड्या अंगानं, वाफेत, एकटा, आतून कडी लावलेला. चक्कर आली तर हाक ऐकायलाही कुणी नाही.

म्हणून पहिला नियम स्पष्ट सांगतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत लावूच नये. तो बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा नळ यावा. जिथे तो आतच आहे, तिथे बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मग अंघोळीला बसावं. भिंतीत वर एक आणि खाली एक अशी कायम उघडी जाळी असावी. नुसता पंखा पुरत नाही, नवी हवा यायलाही वाट लागते. एकामागून एक अंघोळी असतील तर मध्ये दार उघडून न्हाणीघराला श्वास घेऊ द्यावा. आणि शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली, तर बर्नर साफ करून घ्यावा. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणं.

संत्र्याच्या बागा राखणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की डिझेल इंजिन विहिरीच्या आत उतरवून ठेवायचं, अशी रीत काही ठिकाणी आहे. इंजिनाचा धूर विहिरीत साचतो आणि खाली उतरलेला माणूस परत येत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. आपण विहिरीत कंदील सोडून बघतो. कंदील विझला तर उतरायचं नाही. ती रीत चांगली आहे, सोडू नका. पण ती गुरुजींच्या पेल्याइतकंच सांगते: प्राणवायू आहे की नाही. कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा झाला तरी कंदील जळत राहू शकतो. म्हणून विहिरीत इंजिन चाललेलं असेल, तर कंदील जळतोय एवढ्यावर उतरू नका. इंजिन विहिरीबाहेर ठेवा. लग्नघरातला जनरेटरही ओसरीत नको, खिडकीखाली नको. अंगणाच्या टोकाला ठेवा.

प्रवासाला जातानाही हे लक्षात ठेवा. आपल्या भागातून माणसं महादेवाच्या यात्रेला चौरागडला जातात, नागद्वारीला जातात, पचमढीच्या थंडीत राहतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन गावी केरळमधले आठ पर्यटक, त्यांत लहान मुलं, एका हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. राहुटीत, गाडीत, भाड्याच्या खोलीत निखारा किंवा हीटर पेटवून झोपायचं नाही. आणखी एक पांघरूण घ्या, पण विस्तव बाहेर ठेवा.

आता त्या पहारेकऱ्याबद्दल. ज्या घरांतली मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत, त्यांनी भेटीला गेल्यावर तिथल्या छताला किंवा भिंतीवर पांढऱ्या डब्या पाहिल्या असतील. एक धुराची सूचना देते, दुसरी कार्बन मोनॉक्साइडची. दोन्ही वेगळ्या. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, भाड्यानं दिलेल्या घरात विस्तवाचं किंवा गॅसचं उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक झालं. फक्त स्वयंपाकाच्या शेगडीला त्यातून सूट आहे. भारतात घरासाठी अशी सक्ती नाही. पण अलार्म इथेही विकत मिळतो आणि गीझरपेक्षा कमी पैशांत मिळतो.

डबीच्या आत एक छोटा रासायनिक घट असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच्यापर्यंत पोचला की अगदी बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो. वायू जास्त तर प्रवाह जास्त. यंत्र तो मोजतं आणि वेळही मोजतं. युरोपच्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर अलार्म ६० ते ९० मिनिटांत वाजला पाहिजे, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० भाग असतील तर तीन मिनिटांच्या आत. कमी प्रमाणाला तो थांबतो, याला कारण आहे. १९९४ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेतल्या शिकागो शहरानं घरोघरी हा अलार्म सक्तीचा केला. डिसेंबरमध्ये थंड हवा जमिनीलगत अडकली, गाड्यांचा धूर शहरावर साचला आणि हजारो घरांत अलार्म वाजले. लोक वैतागले. त्यानंतर यंत्राला थोडा धीर शिकवला गेला. तेव्हा अलार्म वाजला नाही म्हणजे हवा निर्मळ, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत साधारण साडेतीन भाग, आहे. अलार्म जीव वाचवण्यासाठी आहे. रोजच्या हवेची काळजी जाळीनं आणि धुराड्यानंच घ्यायची आहे. आपल्या शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाच्या माणसांनी धुराडं असलेली मगन चूल घडवली, ती याच काळजीतून.

विकत घेताना डबीवर ईएन ५०२९१ किंवा अमेरिकेचं यूएल २०३४ हे मानक छापलेलं बघा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका-जड, तो सगळीकडे मिसळतो; त्याचा अलार्म झोपायच्या खोलीत, अंथरुणातल्या नाकाच्या उंचीवर लावला तरी चालतो. शेगडीच्या अगदी वर नको, पडद्यामागं नको, न्हाणीघराच्या वाफेत नको. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं. आणि हा पहारेकरीही म्हातारा होतो: घट साधारण पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, डबीवर तारीख असते, ती उलटली की बदलायचा. दिवा लागतो म्हणून जुनाच ठेवायचा नाही.

अलार्म वाजला, किंवा कुणी बेशुद्ध दिसलं, तर काय? आधी सगळे बाहेर. दारं-खिडक्या जाताजाता उघडता आल्या तर उघडा. त्यासाठी आत रेंगाळू नका. मग १०८ ला फोन करा आणि शब्द वापरून सांगा: निखाऱ्याची हवा, कार्बन मोनॉक्साइड, प्राणवायू लागेल. करोनानंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. त्यावर विसंबू नका. हिमोग्लोबिनवर प्राणवायू बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे ते साधं यंत्र ओळखत नाही. माणूस मरणाच्या दारात असताना ते ९८ दाखवू शकतं. खरी तपासणी रक्ताची. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात; मास्कनं शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण एक-दीड तास. इथून नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंतचा वेळ वाया जाऊ द्यायचा नाही; प्राणवायू रुग्णवाहिकेतच सुरू व्हायला हवा. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, स्वभावातला बदल, चालण्यातला तोल जाणं असा त्रास उपटतो. गरोदर बाई असेल तर तिला बरं वाटतंय म्हणून घरी ठेवायचं नाहीच.

शेवटी आपल्या भाषेबद्दल बोलतो, कारण जीव वाचवण्यात भाषेचा वाटा मोठा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. विदर्भ सीमेपलीकडे गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून आपला पांढुर्णा जिल्हाही झाला. पण आपली घरची बोली तीच आहे जी सुईण आजीच्या तोंडात होती. गीझरच्या खोक्यातली पुस्तिका इंग्रजीत येते, फार तर हिंदीत. धोक्याची सूचना बारीक अक्षरात असते आणि घरात गीझर चालवणाऱ्या आईला ती वाचता येत नाही. ज्या विषाला घरच्या भाषेत नाव नाही, त्याची भीती घरात पोचत नाही. साप म्हटलं की पोर मागं सरतं. कार्बन मोनॉक्साइड म्हटलं की ते परीक्षेचा प्रश्न समजतं.

म्हणून माझी गावाला मागणी आहे. शाळेनं गुरुजींचा मेणबत्तीचा प्रयोग जरूर करावा, आणि त्याच तासाला मुलांना सांगावं की एक हवा अशीही आहे जिच्यात ज्योत विझत नाही. ग्रामपंचायतीनं दिवाळी झाली की एक मराठी फलक लावावा: सिगडी बाहेर, गीझर बाहेर, इंजिन बाहेर. आशाताईंनी बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी बाजेखाली बघावं. गीझर बसवणाऱ्या कारागिरानं, जाळी नसेल तर बसवायला नकार द्यावा. गिऱ्हाईक नाराज होईल, पण जगेल. आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी यंदा मुलीच्या बाळंतविड्यात दुपटी, अंगडी-टोपडी यांच्या शेजारी ही पांढरी डबी ठेवावी.

ज्यांची ऐपत नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. दार उघडायला पैसे लागत नाहीत. आज रात्री घरी गेल्यावर झोपायच्या आधी बघा: काही जळतंय का, आणि जळत असेल तर त्याची हवा कुठून जाते. माझी ताई त्या दिवशी वाचली. तेव्हा घरात ना यंत्र होतं, ना डॉक्टर. घराच्या दारात एक बाई उभी राहिली, तिला धोक्याचं नाव ठाऊक होतं आणि ते मोठ्यानं म्हणायचं धैर्य होतं. ते वाक्य तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसावं, म्हणून मी ते तिच्याच बोलीत पुन्हा म्हणतो आणि तुमची रजा घेतो.

दार उघडा आधी. निखाऱ्याची हवा चढली पोरीले.